सारथ्याचे मस्तक : वऱ्हाडातील भाड्याच्या वाहनांचा पूर्वेतिहास

मोटार वाहनांचा १९८८ चा कायदा, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला, त्याच्या १२९ व्या कलमाने मोटारसायकल हाकणाऱ्या आणि तिच्यावर बसणाऱ्या इसमास शिरस्त्राण धारण करण्याची आज्ञा केली आहे. आणि मोटारसायकल कशास म्हणावे हे सांगताना त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने ती दोन चाकांची असली पाहिजे, बाजूस साइडकार जोडलेली असल्यास तिचे एक जादा चाक तेवढे क्षम्य, असे लक्षण बांधून दिले आहे. या दोन कलमांच्या सांध्यात अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या स्थानकाबाहेर उतारूंची वाट पाहणारा ऑटोवाला नेमका बसतो. त्याच्या हाती स्कूटरसारखेच हँडल आहे, त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या आहेत, पुढ्यात काचेचे एक तावदान आणि पातळ पत्रा यांपलीकडे काही नाही. पण त्याच्या वाहनास मुळातच तीन चाके असल्यामुळे त्याच्या मस्तकाची जबाबदारी कायद्याने आपल्याकडे घेतलेली नाही. विलायतेत १९३० च्या रस्तेविषयक कायद्याने मोटारसायकलीची व्याख्या चारांहून कमी चाकांचे हलके वाहन अशी केली होती. आपल्याकडे हा आकडा दोनावर येऊन थांबला. हे केवळ मसुदा लिहिणाराच्या लेखणीचे चापल्य आहे असे मला वाटत नाही. वऱ्हाडातील भाड्याच्या वाहनांचा शे-दीडशे वर्षांचा दप्तरी इतिहास पाहिला तर सरकारने प्रथम माल राखला, मग जनावर, मग उतारू, मग रस्त्यावरचा त्रयस्थ, आणि वाहन हाकणाराकडे त्याची दृष्टी सर्वांत शेवटी, तीही ओझरती, गेली, असा क्रम स्पष्ट दिसतो.

रेल्वेपूर्व वऱ्हाडात रस्त्याचा नियम म्हणजे मुख्यतः मालाचा बंदोबस्त. काळ्या कसदार जमिनीत पिकणारा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैलांवरील गंगाकाठच्या मिर्झापुरास जाई, आणि १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लक्ष बैलांचा तांडा कापूस लादून रवाना केला असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे; आकडा जनश्रुतीचा असला तरी व्यापाराचा आवाका त्यावरून कळतो. या संपत्तीवर पेंढाऱ्यांची दृष्टी असल्यामुळे निजामाच्या सरकाराने १८०७ साली अमरावतीभोवती सुमारे सव्वादोन मैल परिघाचा आणि २० ते २६ फूट उंचीचा परकोट बांधविला, ज्याचे अंबा दरवाजा, नागपुरी दरवाजा इत्यादी दरवाजे आणि खुनारी नावाची खिडकी शहराच्या बोलण्यात अद्याप वावरत आहेत. अकोल्यासही मोर्णेच्या काठी असदगडाचा किल्ला आणि दहीहंडा वेशीसारख्या वेशी होत्या. दिवस मावळला की दरवाजा बंद, ही त्या काळची सर्वांत कडक वाहतूक-आज्ञा समजावी. बंडी हाकणारा धुरकरी, लमाणांचा नायक, दमणीतून मालकास लग्नकार्यास नेणारा गडी, यांपैकी कोणाही माणसाच्या अंगावर काय असावे याची सरकारदरबारी वास्तपुस्त होत नसे. ती सूर्यानेच करून टाकलेली होती. वैशाखात जेथे पारा ४७ अंशांशी झोंबतो, त्या मुलखात उघड्या डोक्याने बंडीवर बसण्याचे धाडस वेडाही करणार नाही. म्हणून पागोटे, मुंडासे, निदान शेला, हे वऱ्हाडी माणसाच्या देहाचेच एक अंग होऊन बसले. त्याचे आठ-दहा पदर पडत्यास थोडाबहुत आधार देत असतीलही, पण ते बांधण्याचे कारण ऊन. आघात हे कारण तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते, कारण बैलाच्या गतीने जाणारा माणूस पडला तरी उठून धूळ झटकून पुन्हा जोखडाशी जाऊन उभा राहत असे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६७ त आगगाडी नागपुरास पोहोचली. आणि या दोन घटनांनी वऱ्हाडात टांगेवाला नावाचा एक नवा व्यावसायिक पुढे आणला. अकोल्यास स्थानक गावालगत होते, परंतु अमरावतीचे नशीब असे की मुख्य मार्ग सहा मैलांवरील बडनेऱ्यावरून गेला, आणि कापसाच्या या राजधानीस एक लहान फाटा जोडून घ्यावा लागला. बडनेरा-अमरावती हा तेवढा रस्ता तेव्हापासून आजतागायत भाड्याच्या वाहनांचे जणू विद्यापीठ झाला आहे. तेथे ज्याचा धंदा चालला तो कोठेही चालेल. 

टांग्यांच्या नियमनाचा मूळ साचा १८७९ च्या चौदाव्या कायद्याचा, जो नगरपालिका व छावण्या यांच्या हद्दीतील भाड्याच्या गाड्यांकरिता केलेला होता. येथे एक कायदेशीर चमत्कार सांगितला पाहिजे. वऱ्हाड हा शब्दशः ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हता. निजामाचे नाममात्र स्वामित्व १९०२ च्या कायम पट्ट्यानंतरही कागदावर शिल्लक राहिले, आणि म्हणून कलकत्त्यास मंजूर झालेला कायदा नर्मदेपलीकडे आपोआप लागू होई तसा तो वऱ्हाडात लागू होत नसे. गव्हर्नर जनरलच्या अधिसूचनेने तो येथे ‘लावावा’ लागे. १८८६ चा वऱ्हाड म्युनिसिपल कायदा याच घाटणीचा. इतका फेरा घालून आलेल्या या नियमांत काय होते? जनावरांनी ओढलेले, उतारूंसाठी भाड्याने उभे राहणारे प्रत्येक चाकाचे वाहन परवान्याखाली यावे, हाकणाऱ्यास वेगळा परवाना असावा, गाडीवर क्रमांक असावा, रात्री कंदील लावावा, किती माणसे बसवावी आणि किती वजन घ्यावे याची मर्यादा असावी, भाड्याचा तक्ता ठरावा, तबेल्याची, साजाची व जनावराची तपासणी व्हावी, उतारू विसरून गेलेली वस्तू ठाण्यात जमा करावी. या सर्व बाबी न्याय्य होत्या, आणि १८९० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याने त्यांना आणखी धार आली. लंगड्या घोड्यास जुंपणारा टांगेवाला दंडास पात्र होता. लंगडणारा टांगेवाला टांगा हाकत असल्यास त्याची चौकशी करण्याचे कलम मात्र मला कोठे आढळले नाही. घोड्याच्या डोळ्यांस झापड असावी, पाठीस गादी असावी, नालाची तपासणी असावी. टांग्याच्या दांडीवर अर्धवट टेकून, एक पाय पायफळीवर आणि एक अधांतरी ठेवून सहा मैल जाणाऱ्या माणसाबद्दल नियमावलीचे मौन आहे.

मस्तकाच्या रक्षणाचा विषय निघाला आणि अमरावती जिल्ह्याचा संबंध आला की एक नाव टाळणे अशक्य आहे. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांनी, म्हणजे संत गाडगेबाबांनी, डोक्यावर मातीचे गाडगे धारण करून गावोगावचे रस्ते झाडले; तेच त्यांचे भोजनपात्र, आणि उन्हापावसात तेच शिरस्त्राण. आयुष्यभर पायी हिंडलेल्या या महापुरुषाचा अंत २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ, मोटारीत, प्रवासात झाला. रस्त्यावरच्या माणसाचे असे चरित्र दुसरे नाही. असो.

मोटारी आल्या आणि १९१४ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वसामान्य मोटार कायदा झाला. पुढे १९३९ चा विस्तृत कायदा आला. या कायद्यांवर घोड्याच्या युगाची छाया किती दाट होती हे पाहावयाचे असेल तर १९८८ च्या कायद्याचे १३२ वे कलम अद्याप वाचून पाहावे: जनावर हाकणाऱ्याने, आपले जनावर बुजेल अशी भीती वाटून, थांबण्यास सांगितले तर मोटार चालकाने थांबले पाहिजे. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगविलेली बैलजोडी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याने मूर्तिजापूरच्या रस्त्यावर ऑटोवाल्यास हात केला तर कायदा आजही शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, ही गोष्ट फारशा ऑटोवाल्यांना ठाऊक नसावी, आणि शेतकऱ्यांना तर नाहीच. १९३९ च्या कायद्यातील त्रयस्थाच्या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून जारी झाली. त्रयस्थ म्हणजे रस्त्यावरचा दुसरा माणूस. स्वतःचे वाहन स्वतः हाकणारा मालक या शब्दात मावत नाही. त्याचे हाड मोडले तर तो आणि त्याचा देव.

तीन चाकांचा प्रवेश या प्रदेशात पायडलाच्या मार्गाने झाला. जपानात १८६९ च्या सुमारास निघालेली, माणसाने ओढावयाची रिक्षा १९३० च्या दशकात सायकलीस जोडली गेली, कलकत्त्याहून ती उत्तर व मध्य हिंदुस्थानभर पसरली, आणि पश्चिम महाराष्ट्रात टांग्याची सद्दी चालू असताना नागपूर, अमरावती, अकोला या शहरांत सायकल-रिक्षेने आपला तळ ठोकला. पुण्यामुंबईहून येणाऱ्या पाहुण्यास ताजनापेठेतून जठारपेठेकडे घामाघूम होत जाणारी सायकल-रिक्षा पाहून जो संकोच वाटे, त्याचे कारण हा प्रादेशिक भेद होय. तो सुटकेस घेऊन उतरे आणि चढावर आपणच मागून ढकलू लागे. नगरपालिकेने येथेही टांग्याचाच जुना नियम थोडा कापून शिवला: पत्र्याचा बिल्ला, घंटी, रात्रीचा दिवा, दोन उतारू. जनावराची तपासणी एवढे एकच कलम निरर्थक झाले, कारण जनावराच्या जागी माणूस आला होता. आणि जे रक्षण घोड्यास मिळत होते ते त्याच्या जागी जुंपलेल्या माणसास मिळाले नाही.

यंत्रावर चालणाऱ्या तीनचाकीची जन्मकथा पुण्याच्या व इटलीच्या मधली आहे. महायुद्धाने उजाड झालेल्या इटलीत पियाज्जो कारखान्याचे अभियंते कोर्रादिनो दास्कानियो यांनी व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ त तिच्या मागच्या भागी दोन चाकांची मालवाहू पेटी जोडून ‘आपे’ म्हणजे मधमाशी नावाचे वाहन सिद्ध केले. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या १९४५ साली स्थापन झालेल्या पेढीने १९४८ पासून ही दुचाकी-तीनचाकी वाहने आयात करण्यास आरंभ केला. अहमदनगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी मालाच्या पेटीच्या जागी माणसे बसवावी ही कल्पना उचलून धरली. आणि १९५९ साली सरकारी परवाना मिळाल्यानंतर त्याच बच्छराज पेढीच्या, म्हणजे पुढच्या बजाजच्या, कारखान्यात या वाहनांची देशी निर्मिती सुरू झाली. १९७७ साली इंजिन चालकाच्या आसनाखालून मागे गेले, आणि पायांना लागणारी ती भट्टी निदान पाठीमागे सरकली. वऱ्हाडच्या चालकाने या सुधारणेचे उपकार मानले असतील तर नवल नाही. या वंशावळीत एक गोष्ट कायम राहिली, ती म्हणजे सुकाणूचक्राच्या ऐवजी हँडल. स्कूटरचा हा वारस हातांनी, खांद्यांनी आणि मानेनेच चालवावा लागतो. देहाच्या दृष्टीने ऑटोवाला दुचाकीस्वाराचा सख्खा भाऊ आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो मोटारवाल्याच्या पंक्तीस बसलेला गरीब पाहुणा.

वऱ्हाडची राजकीय स्थित्यंतरे या धंद्याच्या दप्तरावरही उमटली. १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, असे दहा वर्षांत तीनदा नाव पालटले, आणि परवान्याचे हुकूम नागपूरऐवजी मुंबईहून सुटू लागले. अमरावतीच्या वाहनांवर आज एमएच-२७ आणि अकोल्याच्या वाहनांवर एमएच-३० ही अक्षरे असतात. गणवेश मात्र पुण्यातला तोच येथेही: मालकचालकास पांढरा, पगारी चालकास खाकी, छातीवर बिल्ला. मीटरचे स्थान या शहरांत बहुतांशी शोभेचे राहिले. गांधी रोड, राजापेठ, इर्विन चौक, बडनेरा अशा ठरीव मार्गांवर ठरीव दराने माणसे भरून नेण्याची जी रीत टांग्याने घालून दिली, तीच ऑटोने चालविली. तीन उतारूंची परवानगी आणि सहा उतारूंचा व्यवहार यांतील अंतर चालकाच्या शेजारच्या अर्ध्या वितीच्या जागेवर भरून निघते. १९८८ च्या कायद्याचे १२५ वे कलम म्हणते की चालकाच्या ताब्यास अडथळा होईल असे कोणासही बसू देऊ नये. पण भाडे वाढवून मिळत नाही, इंधनाचा दर आपल्या हाती नाही आणि १९९७ नंतर २०१७ पर्यंत नवे परवाने बंदच होते, म्हणून आहे त्या परवान्यावर घर चालविणारा मनुष्य त्या अर्ध्या वितीवर आपल्या मुलाची फी बसवितो. मी त्याचे समर्थन करीत नाही. पण ज्या कायद्याने त्या आसनावरील मूळ माणसाचा विचार केला नाही, त्याने केलेली शेजारच्या जादा माणसाची गणना त्या मूळ माणसाने गंभीरपणे घ्यावी ही अपेक्षा जरा एकतर्फी आहे. उतारूने रहदारीच्या बाजूस उतरू नये म्हणून मागच्या कप्प्याच्या उजव्या अंगास लोखंडी दांडी आडवी घातलेली असते. चालकाची उजवी बाजू उघडी.

आता शिरस्त्राणाकडे वळू. अरबांच्या बंडात गाजलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी मोटारसायकलीवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांतील मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी त्या प्रसंगाने अस्वस्थ होऊन युद्धकाळात लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. लष्करातील मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण आणि पुढे जगभरचे कायदे, ही त्या अभ्यासाची संतती. आपल्याकडे १९८८ च्या कायद्याने पगडी घालणाऱ्या शीख स्वारास सूट दिली, पुढे २०१९ च्या सुधारणेने मागे बसणाऱ्या चार वर्षांवरील बालकासही बंधन लावले आणि दंड १,००० रुपये व तीन महिने परवाना अपात्र असा कडक केला. मधल्या काळात, २०१६ त, परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली आणि लवकरच ती मागे घ्यावी लागली. वऱ्हाडातील दुचाकीस्वाराचा या सक्तीस जो विरोध असतो तो केवळ बेशिस्तीचा नाही. मे महिन्यात दुपारी डोके, कान आणि तोंड दुपट्ट्याने गच्च आवळून, खिशात कांदा ठेवून निघणाऱ्या माणसास त्यावर आणखी प्लास्टिकचे कवच चढविण्यास सांगितले आणि तो उत्तरला, “या उनात ते टोपलं कोन घालते, भाऊ?” तर त्या उत्तरात अकोल्याचा तापमापक बोलत असतो हे लक्षात घ्यावे. ऑटोवाल्यास ही तसदीच नाही. देशात कोठे कोठे यांत्रिक कॅमेऱ्याच्या कृपेने ऑटोचालकास हेल्मेट नसल्याचा दंड आल्याच्या बातम्या वाचून लोक हसतात. हसण्यासारखेच आहे; पण ते यंत्र अजाणता, हा मनुष्यही उघडाच आहे, एवढे खरे बोलून गेलेले असते.

मालकचालकाच्या स्वतःच्या देहाची किंमत कायद्याने ओळखली ती २०१८ च्या अखेरीस, मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालामागोमाग विमा नियामकाने त्याच्या वैयक्तिक अपघातविम्याची रक्कम १५ लाख रुपये केली तेव्हा. तत्पूर्वी ती दुचाकीस १ लाख आणि इतर वाहनांस २ लाख होती. टांग्याच्या परवान्यापासून हिशेब केला तर ही ओळख पटण्यास शतकाहून अधिक काळ लागला, आणि तीही बहुतांशी मरणोत्तर उपयोगाची.

सायकल-रिक्षा ओढणारे पुष्कळ हात आता विजेच्या ई-रिक्षेवर गेले आहेत. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ३१ जुलै २०१४ रोजी त्यांवर बंदी घातली, त्याच वर्षी ऑक्टोबरात नियम झाले, २०१५ त कायद्यात स्वतंत्र कलम आले: तीन चाके, ४,००० वॅटपर्यंत शक्ती, चार उतारू, ४० किलो सामान, ताशी २५ किलोमीटर वेग. २०१६ पासून त्यांना वाहतुकीच्या परवान्यातूनही मोकळीक मिळाली. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम नोंदविला गेला. तो रस्ता ज्या वेगासाठी आहे, त्याच्या कडेने या गाड्या एका खेड्यापासून दुसऱ्या खेड्यापर्यंत बिचकत जातात.

मात्र ई-रिक्षेच्या नियमांत एक तरतूद अशी आहे की जिच्यामुळे जुन्या दप्तरापेक्षा हे दप्तर निराळे ठरते. अनुज्ञप्तीपूर्वी चालकास निदान दहा दिवसांचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे केंद्रीय नियमांत लिहिले आहे. टांगेवाल्यास हे कोणी दिले नाही, सायकल-रिक्षेवाल्यास नाही. या दहा दिवसांत शिकविण्याजोगी पहिली गोष्ट तीन चाकांच्या भूमितीची. पुढे एक आणि मागे दोन अशा वाहनाचा आधार त्रिकोणी असतो. वळताना एकाच वेळी ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकाकडे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो, तेथे बाजूचा आधार उरत नाही, आणि गाडी बाहेरच्या अंगाने कलंडते. टपावर बांधलेले पोते हा कल वाढविते, पुढे बसविलेला जादा माणूस तर फारच. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. आणि ज्याच्या बाजूस दार नाही व कमरेस पट्टा नाही तो चालक अशा वेळी गाडीखाली सापडतो, हेही त्यास स्पष्ट सांगावे. हेल्मेटाची सक्ती तीनचाकीवर आणावयाची की नाही हा वाद पुढे यथावकाश चालो. तोवर बडनेऱ्याच्या पुलाच्या उतरणीवर उपयोगी पडेल असे हे शास्त्र मराठीत, चार ओळींत, परवान्याच्या पाठीवर छापण्यास परिवहन कार्यालयास नव्या कायद्याची गरज नाही.